एकाच आडनावाच्या नऊ खोल्या

आमच्या घरात काहीही विकत घ्यायचं म्हटलं की तीन कोटेशनं लागतात. माझे सासरे छत्तीस वर्षं एका कारखान्याच्या खरेदी विभागात होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी खुर्ची तिथेच सोडली, पण नियम घरी घेऊन आले. फ्रीज, गाद्या, नातीची सायकल, इतकंच काय त्यांच्या स्वतःच्या दातांची कवळी, सगळं तीन बंद पाकिटांतून आलेलं आहे. लग्नाआधी नवऱ्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं होतं की माझ्याशिवाय आणखी दोघींचा विचार चालू आहे. मला तो फार स्पष्टवक्ता वाटला. ती घरची पद्धत आहे हे मला लग्नानंतर कळलं.

नियम साधे आहेत. भाव काढणाऱ्या तिघांनी एकमेकांशी त्या विषयावर अवाक्षर बोलायचं नाही. पाकिटं रविवारी जेवणाच्या टेबलावर उघडायची. आणि पाकिटात लिहिलेला भाव रविवारपर्यंत टिकलाच पाहिजे, 'काल मिळत होतं' असली रडगाणी चालणार नाहीत. जो भाव फोडेल तो काळ्या यादीत. माझा नवरा मिक्सरच्या वेळी मोठ्या भावाजवळ किंमत बोलून गेला आणि चार वर्षं झाली तरी यादीतून बाहेर आलेला नाही. त्याला त्याचं काडीचंही दुःख नाही. त्यामुळे भाव काढणारे उरलो तिघे: मोठे दीर, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, आणि मी.

सासूबाई या भानगडीत कधी पडत नाहीत. त्या पोहतात.

पंचावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं. त्या आठवडाभर चालल्या, मग म्हणाल्या की चालायचंच असेल तर रस्ता काय वाईट आहे, आणि पोहायला शिकल्या. आता त्या त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. पहाटे साडेपाचला तलावावर जातात आणि आम्ही डोळे चोळत बाहेर येतो तोवर त्यांचा चहासुद्धा पिऊन झालेला असतो. म्हणजे घरातल्या एकानेही त्यांना कधी पोहताना पाहिलेलं नाही. दोरीवर ओला पोशाख असतो, तेवढाच काय तो पुरावा.

मागच्या वर्षी ज्येष्ठांच्या मोठ्या स्पर्धेसाठी त्यांची निवड झाली. स्पर्धा दूरच्या शहरात, त्यांची शर्यत सकाळी साडेसातला. आदल्या रात्री तिथे मुक्काम करायचा तर तीन कोटेशनं आली, मग त्यांवर शंका आल्या, मग फेरचौकशी झाली, आणि तोवर शहरातल्या परवडतील अशा सगळ्या खोल्या संपल्या. आई, म्हणजे सासूबाई, पोहण्याच्या क्लबच्या बायकांबरोबर पुढे गेल्या. आम्ही पहाटेची गाडी धरली, ती पाऊण तास उशिरा पोचली. धापा टाकत तलावावर गेलो तेव्हा त्या बाकावर बसून टॉवेलने केस पुसत होत्या. "अगं, झालंसुद्धा," असं मला म्हणाल्या आणि हसल्या. मला त्या हसण्याची इतकी लाज वाटली की परतीच्या वाटेवर मी कोणाशी धड बोलले नाही. सासरे मात्र गटाने तिकिटं काढल्यामुळे किती वाचले ते सर्वांना समजावत होते.

या वर्षीचं निवडीचं पत्र एका सोमवारी दुपारी आलं. रात्री जेवताना आईंनी ते ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, "या वेळी मला पोहताना बघा. केस पुसताना नको."

सासऱ्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं की उद्या सकाळपासून चौकशी सुरू, सात माणसं, तीन खोल्या, तलावापासून पायी जाता येईल इतकं अंतर, रविवारी पाकिटं. आई म्हणाल्या, या एका वेळी पाकिटं नकोत. त्यावर सासरे दुखावल्यासारखे झाले. तुझ्यासाठी तर सर्वांत उत्तम भाव काढायला हवा, हे तुला कसं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यात लबाडी काही नव्हती. त्यांना प्रेम दाखवायची तेवढी एकच रीत येते.

दुसऱ्या दिवसापासून घरात हेरगिरीचं वातावरण तयार झालं. दीर फोन घेऊन बाथरूममध्ये जाऊ लागले आणि नळ सोडून बसू लागले. जाऊ फोन उशीखाली घेऊन झोपू लागली. एका खोलीत राहणारी, चौदा वर्षं संसार केलेली ही दोन माणसं, पण हॉटेलचा ह काढत नव्हती. मी फोनची काच छातीशी धरून घरात फिरत होते आणि नवरा मला विचारत होता की हे सगळं गमतीत चाललंय की मनापासून.

मनापासून चाललं होतं, कारण परिस्थिती वाईट होती. त्याच आठवड्यात त्या शहरात यंत्रांचं मोठं प्रदर्शन होतं. जगभरातले यंत्रं विकणारे आणि यंत्रं विकत घेणारे तिथे लोटणार होते. एरवी ज्या खोलीकडे कोणी ढुंकून बघत नाही तिचाही भाव गगनाला भिडला होता. एका ठिकाणी खोली होती पण खिडकी नव्हती, एका ठिकाणी खिडकी होती पण ती स्वयंपाकघरात उघडत होती, आणि एका ठिकाणी मालकाने फोटोत फक्त जिना दाखवला होता. मी तीन दिवस डोळ्यांत तेल घालून शोधलं. गुरुवारी मला ते हॉटेल सापडलं.

तलावाच्या अगदी मागच्या गल्लीत, ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर, तीन मजले, प्रत्येक मजल्यावर तीन खोल्या. राहून गेलेल्या कोणीतरी लिहिलं होतं, 'टॉवेल पातळ पण स्वच्छ. मालकीण कडक.' यापेक्षा जास्त काय हवं असतं माणसाला? पण भाव बघून मी फोन क्षणभर पालथा ठेवला. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की शेवटच्या तीन खोल्या उरल्या आहेत आणि गेल्या तीन दिवसांत सहा गेल्या. त्या सहा खोल्या घेणाऱ्या अनोळखी हावरटांच्या नावाने मी मनसोक्त बोटं मोडली. मग नियमाप्रमाणे भाव टिकावा म्हणून तिन्ही खोल्या माझ्या नावावर धरून ठेवल्या. सोमवारपर्यंत रद्द केल्या तर पैसे परत मिळणार होते.

रविवारी जेवणं झाल्यावर टेबल पुसलं गेलं. सासऱ्यांनी चष्मा लावला, कागद कापायची सुरी घेतली आणि पहिलं पाकीट फोडलं. ते जावेचं होतं. भाव इतका कमी होता की माझं तोंड आंबट झालं. मग हॉटेलचं नाव वाचलं गेलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. दुसरं पाकीट दिरांचं. हॉटेल तेच, भाव बराच चढलेला. तिसरं माझं. हॉटेल तेच, भाव जावेच्या जवळजवळ दुप्पट.

सासऱ्यांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि बराच वेळ बघत राहिले. एकाच पुरवठादाराचे तीन भाव त्यांनी छत्तीस वर्षांत पाहिले नव्हते. त्यांचा चेहरा रागाने नव्हे, आनंदाने फुलला. मोठा गैरव्यवहार उघडकीला येणार असं त्यांना वाटत असावं. त्यांनी तिथल्या तिथे हॉटेलला फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

मालकिणीने मोकळ्या मनाने सांगितलं की खोल्या सगळ्या गेल्या. नऊच्या नऊ. आणि भाव तिने वाढवला नव्हता, तिच्या भाच्याने कॉम्प्युटरवर तशी सोय करून ठेवली होती, खोल्या संपत आल्या की आकडा आपोआप चढतो. मग तिने सासऱ्यांचं आडनाव पुन्हा एकदा विचारलं.

"तुमच्या आडनावाची फार माणसं येताहेत हो," ती म्हणाली. "नऊही खोल्या त्यांच्याच आहेत. तुम्हीही त्यांच्यातलेच का?"

"मी त्यांचा प्रमुख आहे," सासरे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

कोणी कोणाकडे बघेना. दिरांची नऊ वर्षांची मुलगी इतका वेळ टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून ऐकत होती. तिने विचारलं की म्हणजे ती गर्दी आपणच होतो का. मी ज्यांच्या नावाने बोटं मोडली होती त्यांतला एक बाथरूममध्ये नळ सोडून बसला होता आणि दुसरी भिंतीपलीकडे फोनवर डोकं ठेवून झोपली होती.

आता कोणत्याही शहाण्या घरात काय झालं असतं? जावेच्या तीन खोल्या ठेवल्या असत्या, बाकी सहा सोडल्या असत्या आणि सगळे दुपारी झोपले असते. आईंनी तेच सुचवलं. त्या सोफ्यावर बसून पोहायच्या टोपीला आतून पावडर लावत होत्या, मान वर न करता म्हणाल्या की मोठीच्या ठेवा की. पण सासऱ्यांनी जावेच्या कागदावरची तारीख बघितली होती. चौकशी मंगळवारी सकाळी सुरू झाली आणि हिने खोल्या धरल्या सोमवारी दुपारी, म्हणजे पत्र आल्याआल्या. हे नियमबाह्य होतं. जाऊ म्हणाली की आईंनी मला पत्र दाखवलं, मला आनंद झाला, मी धरल्या. आनंदाची सोय नियमांत नव्हती. तिचं पाकीट बाद झालं. दिरांनी नाश्त्याचा उल्लेख केला नव्हता, ते अपूर्ण ठरलं. माझं पूर्ण होतं, वेळेत होतं, पण त्यातला आकडा सासऱ्यांना दुसऱ्यांदा वाचवेना.

मग त्यांनी निर्णय दिला. फेरचौकशी. तिघांनी नऊही खोल्या आत्ता, एकदम, इथल्या इथे रद्द करायच्या. प्रदर्शनाला दहा दिवस असताना एका क्षणात अख्खं हॉटेल रिकामं पडलं की त्या बाईच्या तोंडचं पाणी पळेल, आकडा धाडकन खाली येईल, पहिल्या भावाच्याही खाली, आणि मग आपण शांतपणे तीन घ्यायच्या. बोलताना ते इतके खूश होते की दिरांनी मान डोलावली. मला एक शंका होती ती मी विचारली. खाली येण्याआधी दुसऱ्या कोणी घेतल्या तर? त्यांनी मला समजावलं की रविवारी दुपारी सगळं जग झोपलेलं असतं.

तेवढ्यात माझं लक्ष सोफ्याकडे गेलं. आईंनी पावडरचा डबा बंद केला, टोपी घडी करून पिशवीत ठेवली आणि उठून दोरीवरचे कपडे काढायला गेल्या. रागावल्या नव्हत्या. गेल्या वर्षीसारख्याच नुसत्या तयार झाल्या होत्या. आपण एकटीनेच जायचं आहे हे त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं, आणि ते मला बघवेना.

सासऱ्यांनी एक, दोन, तीन मोजलं. जावेने बटण दाबलं. दिरांनी दाबलं. मी फोनच्या काचेवर बोट आपटलं, तेही बटण सोडून चांगलं दोन बोटं अंतरावर, आणि म्हणाले, "झालं." खोटं बोलताना माझे कान लाल होतात. नशिबाने केस मोकळे होते.

सासऱ्यांनी वीस मिनिटं थांबायला सांगितलं. भाव पडायला तेवढा वेळ लागतो म्हणे. ती वीस मिनिटं त्यांनी घड्याळाकडे बघत, पाठीमागे हात बांधून फेऱ्या मारत काढली. मग जावेने फोन उघडला आणि तिचा चेहरा पडला. हॉटेलच्या नावापुढे एवढंच लिहिलं होतं की या तारखांना खोली शिल्लक नाही. दिरांनी आपल्या फोनवर बघितलं, जणू तिथे वेगळं शहर असणार होतं.

पुन्हा फोन लावला गेला. मालकीण या वेळी घाईत होती. ती म्हणाली, पाण्याचे पंप विकणारी एक कंपनी आहे, तिचा माणूस आठवडाभर दिवसातून तीनदा विचारत होता, सहा सुटल्या तशा त्याने मी सांगितलेल्या भावाने सहाच्या सहा उचलल्या, तुम्ही लोकांनी सोडल्या ते त्याच्या दृष्टीने फार बरं झालं.

"नऊ सोडल्या होत्या," सासरे म्हणाले.

"सहाच. तीन अजून तुमच्याच घरात आहेत."

फोन टेबलावर तसाच चालू होता. सासऱ्यांनी एकेकाकडे बघायला सुरुवात केली. जावेने दिरांकडे संशयाने बघितलं, दिरांनी तिच्याकडे. नवऱ्याला मात्र काही विचारावं लागलं नाही, तो माझ्या कानांकडे बघत होता, कारण तोवर मी सवयीने केस मागे घेतले होते.

"माझ्या आहेत," मी म्हणाले. "मी रद्द केल्या नाहीत."

सासऱ्यांनी फक्त दोन शब्द उच्चारले, "काळी यादी." ते मी धरूनच चालले होते. नवऱ्याने सरकून मला शेजारी जागा करून दिली. पण सासऱ्यांचा खरा त्रास वेगळाच होता. हातात होत्या त्या खोल्या सर्वांत महागड्या भावाच्या. त्यांनी फोन जवळ ओढला आणि मालकिणीला समजावायला घेतलं की याच खोल्या सोमवारी निम्म्या भावाने दिल्या होत्यात, तेव्हा मधला काहीतरी आकडा ठरवू. ती म्हणाली की पंपवाल्याने याहून जास्त दिलेत आणि त्याला अजून दोन खोल्या हव्या आहेत, तेव्हा पटत नसेल तर सोडा, ती लगेच त्याला कळवेल. सासऱ्यांना घाम फुटला. तरी त्यांनी नाश्त्याचा विषय काढलाच.

कपड्यांचा ढीग कडेवर घेऊन आई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी कपडे खुर्चीवर ठेवले, सासऱ्यांच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. समोरची बाई सगळ्यांना ऐकू येत होती, तरी त्यांनी तो कानालाच लावला.

"तीन खोल्या पक्क्या," त्या म्हणाल्या. "आहे त्या भावाने. माझी शर्यत आहे."

मालकिणीने विचारलं की कोणती शर्यत. आईंनी गुडघ्यांपासून सगळं सांगितलं. मग ती म्हणाली की पहिल्या मजल्यावरच्या देते, गुडघ्यांना जास्त जिना नको. नाश्ताही देते म्हणाली. सासऱ्यांनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले आणि ते त्या हातांकडेच बघत राहिले. आमच्या घरात एखादी गोष्ट पहिल्यांदाच एका वाक्यात विकत घेतली गेली होती, आणि वर काहीतरी फुकटही मिळालं होतं.

दहा दिवसांनी आम्ही गेलो. खोल्या लहान होत्या, दोन पलंगांच्या मधून आडवं होऊन जावं लागत होतं, आणि खालच्या दुकानातल्या वाफेचा वास पडद्यांना होता. जिन्यात पंपांच्या पेट्या रचलेल्या होत्या. सासरे संध्याकाळपर्यंत उदास होते. मग त्यांनी वरच्या मजल्यावरच्या एका पंपवाल्याला गाठलं, गोड बोलून तो किती देतोय ते काढून घेतलं, आणि परत आले ते शीळ घालतच. तो आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त देत होता. त्या रात्री सासरे बाळासारखे झोपले असं आई म्हणतात.

सकाळी सात वाजता आम्ही सहाही जण गॅलरीत होतो, सर्वांत वरच्या रांगेत, कारण खालच्या रांगा क्लबवाल्यांनी धरल्या होत्या. आईंची शंभर मीटर पाठीवरची शर्यत होती, म्हणजे एकदा जायचं आणि एकदा यायचं. त्या पाचव्या पट्ट्यात उतरल्या. मी त्यांना रोज बघते, भाजी निवडताना, चष्मा शोधताना, जिना चढताना कठडा धरणारी बाई म्हणून. शिट्टी झाली आणि ती बाई पाण्यात उताणी होऊन अशी काही निघाली की दिरांच्या मुलीने माझा दंड घट्ट धरला. हात एकामागून एक वर येत होते, घाई नाही, शिंतोडे नाहीत. अर्ध्या अंतरापर्यंत त्या दुसऱ्या होत्या. जाऊ उभी राहून ओरडत होती. दीर ओरडत होते. मी काय करत होते मला आठवत नाही, नवरा म्हणतो मी रडत होते.

परत फिरल्यावर त्यांनी मान वळवून गॅलरीकडे बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं. दुसऱ्यांदा बघताना त्यांचा हात पट्ट्याच्या दोरीला घासला, लय तुटली, आणि दोघीजणी पुढे निघून गेल्या. त्या चौथ्या आल्या.

आम्ही खाली पोचलो तेव्हा त्यांना शिकवणारी तरुण बाई त्यांच्यावर उखडली होती. पाठीवर पोहताना नजर छताला लावायची हे आठ वर्षं घोकून घेतलं होतं, मग मान कशाला वळवली, आणि तीही दोनदा? आई तलावाच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या, दम लागलेला होता, चेहरा लाल झाला होता.

"मोजत होते," त्या म्हणाल्या. "पहिल्या खेपेला पाचच भरले. हे कुठे दिसेनात."

सगळ्यांनी सासऱ्यांकडे बघितलं. ते माझ्या शेजारीच बसले होते. त्या परत फिरल्या नेमके तेव्हा चष्मा काढून, दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून ते खाली वाकले होते, आणि चांगले वीस मीटर होईपर्यंत वर आले नव्हते. मी ते पाहिलं होतं आणि कोणाला सांगणार नव्हते.

"चष्म्यावर पाणी उडालं होतं," सासरे म्हणाले.

आम्ही बाविसाव्या रांगेत होतो. तिथे पाणी काय, पाण्याचा आवाजसुद्धा नीट पोचत नव्हता. पण आई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या की हो, उडतं कधी कधी, आणि उठायला त्यांनी हात पुढे केला.